खडकाचे ठसे

वहिनीला समुद्राची भीती वाटायची, आणि तिचं सगळं काम समुद्राचं होतं.

म्हणजे ती मातीच्या शोभेच्या वस्तू करायची. शंख, शिंपले, प्रवाळाच्या फांद्या, पाय पसरून बसलेले ऑक्टोपस, आणि तिच्या त्या प्रसिद्ध वाट्या, ज्यांच्या तळाशी काचेसारखा चकचकीत निळा-हिरवा ग्लेझ असा साचलेला असायचा की पाणी समजून लोक बोट बुडवायला जायचे. घराच्या मागच्या लांबट खोलीत तिचं चाक होतं, भिंतीभर फळ्या होत्या, आणि कोपऱ्यात विजेची भट्टी. येणारी गिऱ्हाइकं एखादा शंख हातात घेऊन म्हणायची, "तुम्ही अगदी समुद्रकाठी वाढलेल्या दिसता!" ती हसून मान डोलवायची. कोण समजावत बसणार?

खरं तर ती वाढली कोरड्या, दगडाळ गावात. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो लग्न होऊन या शहरात आल्यावर. नवऱ्याचा हात धरून ती घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली, लाट मागे फिरली आणि पायाखालची वाळू सरकली. बाकीच्यांसाठी ती नुसती बोलायची पद्धत असते, तिच्या पायाखालून वाळू खरोखरच सरकली. ती इतकी जोरात किंचाळली की लांबवर बसलेले लोक उठून उभे राहिले. त्यानंतर किनाऱ्याच्या कठड्यापलीकडे तिने पाऊल टाकलं नाही. बस त्या रस्त्याने गेली तर ती दुसऱ्या बाजूच्या खिडकीत बसायची.

लोकांना कारण हवं असायचं. "तुमच्याकडे कोणी बुडालं होतं का?" असं आवाज खाली आणून विचारायचे. कोणी बुडालं नव्हतं. एखाद्याला पालीची भीती वाटते, तशी हिला पाण्याची. त्यामागे काही गोष्ट नव्हती, आणि गोष्ट नाही म्हटल्यावर लोकांना ते नखरे वाटायचे.

तिला शंखशिंपले आणून द्यायची ती नणंद. नवऱ्याची ही धाकटी बहीण वयाने वहिनीपेक्षा थोडी मोठीच होती. लग्न केलं नव्हतं, वरच्या मजल्यावर राहायची आणि शहराच्या जलतरण तलावावर पोरांना पोहायला शिकवायची. खांदे रुंद, आवाज त्याहून रुंद. भीती तिच्या गावीच नव्हती. वहिनी तिला 'वन्सं' म्हणायची. सुरुवातीला मानाने, नंतर चेष्टेने, आणि शेवटी सवयीने. चेष्टा कितीही रंगली तरी वहिनीचं 'तुम्ही' काही सुटलं नव्हतं.

त्या वर्षी मुलांच्या एका रुग्णालयाचं काम आलं. बाहेर बाकांवर ताटकळणाऱ्या पोरांसाठी अख्खी भिंत करायची होती, समुद्राच्या तळासारखी, हात लावून बघता येईल अशी. वहिनीने नमुन्यादाखल काही तुकडे भाजून ठेवले. इमारतीच्या वास्तुकार बाई आल्या. त्यांनी सगळं निरखून पाहिलं, कौतुक केलं, आणि निघता निघता म्हणाल्या, "फार सुंदर आहे हो. फक्त जरा धुऊन पुसून ठेवल्यासारखं वाटतं. खडक कसा हाताला बोचतो, तसं यात काही बोचत नाही."

बाई गेल्या आणि ते वाक्य घरात राहिलं. वहिनी भाजी चिरताना थांबायची, भिंतीकडे बघायची. शेवटी नणंदेलाच राहवलं नाही.

"अगं, त्यात काय एवढं? ओहोटीला खडक उघडे पडतात. ओली माती घ्यायची, खडकावर दाबायची, ठसा घ्यायचा. झालं!"

"मग तुम्हीच आणा ना घेऊन."

"मला काय कळतंय त्यातलं? मी आणीन, आणि तू नाक मुरडशील."

हे खरंच होतं. ठसा कुठला घ्यायचा, माती किती ओली ठेवायची, किती दाबायची, हे हाताला कळतं, सांगून भागत नाही. दोन दिवस गेले. मग एकदा मातीचा गोळा मळता मळता, वर न बघता म्हणाली, "पाणी लांब असेल ना?"

"इतकं लांब, की बघायला दुर्बीण लागेल," नणंद म्हणाली.

शहराबाहेरच्या त्या किनाऱ्यावर सकाळी चिटपाखरूही नव्हतं. आभाळ भरलेलं, वारा गार. वहिनीने आपली पर्स, फोनसकट, कठड्याच्या पायरीवर ठेवली. ओली व्हायला नको म्हणून. नणंदेचा फोन तिच्या जाकिटाच्या खिशात होता. लाटून तयार केलेल्या मातीच्या पाट्या ओल्या फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या ट्रेमध्ये ठेवल्या होत्या, जास्तीची माती वहिनीच्या पाठीवरच्या पिशवीत, आणि तिच्या कमरेच्या एप्रनमध्ये माती कापायची छोटी सुरी.

वाळू संपून खडक सुरू होण्याआधी एक लांबट घळ होती. तिच्यात तेव्हा घोट्याएवढं पाणी होतं, ओसरीवर सांडल्यासारखं. नणंद दोन ढांगांत पलीकडे गेली. वहिनीने तिच्या जाकिटाचं मागचं टोक मुठीत धरलं, डोळे तिच्या पाठीवर खिळवले, आणि श्वास कोंडून घळ पार केली.

"सोड आता, जाकीट फाटेल," नणंद हसून म्हणाली.

खडक काळे होते, आणि जवळून बघितल्यावर काळे नव्हतेच. जांभळे, शेवाळी, कुठे गंजासारखे तांबूस. त्यांच्यावर बारीक बारीक टोकदार शिंपले इतके दाटीने चिकटलेले होते की हात ठेवायला जागा नव्हती. वहिनीने पहिली पाटी दाबली आणि हलक्या हाताने सोलून काढली. मातीवर शेकडो छोटी विवरं उमटली होती, एकही दुसऱ्यासारखं नाही. तिच्या तोंडून आपोआप "अगं बाई" निघून गेलं. पुस्तकातल्या चित्रांवरून तिने इतकी वर्षं जे केलं होतं, ते तिला एका क्षणात पोरखेळ वाटलं.

मग ती त्यात बुडालीच. एक ठसा भेगेचा, एक लाटांनी झिजवलेल्या वळ्यांचा, एक सोडून गेलेल्या शिंपल्याच्या गोल खुणेचा. भीती काही गेली नव्हती, ती बाजूच्या दगडावर बसून होती. दर थोड्या वेळाने वहिनी मान न वळवता विचारायची, "वन्सं, पाणी कुठे आहे?"

"आहे तिथेच आहे."

"बघा ना नीट."

"अगं, अजून बराच वेळ आहे! किती वेळा विचारशील? मी आहे ना इथे?"

त्यानंतर वहिनीने विचारलं नाही. लाज वाटली तिला. एवढी मोठी बाई आणि लहान पोरीसारखी भुणभुण! असं मनाशी म्हणून तिने ओठ मिटले, आणि नेमकं तेव्हाच विचारायला हवं होतं.

नणंद बघत होती समोर. समोर पाण्याची रेघ लांबच होती. पण वारा फिरला होता, आणि भरतीचं पाणी समोरून येण्याआधी बाजूने, त्या घळीतून आत शिरत होतं, आवाज न करता, त्यांच्या पाठीमागे. तलावातलं पाणी भरलं तेवढंच राहतं. नणंदेची सगळी ओळख त्या पाण्याशी होती.

वहिनी कंबर सरळ करायला उठली आणि तिने मागे पाहिलं. घळ रुंद झाली होती. मघाशी तिच्यात जे दगड दिसत होते ते आता दिसत नव्हते.

"वन्सं..."

नणंदेने वळून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला वहिनीने त्या दिवशी पहिल्यांदा बघितला, आणि ती घाबरली ती पाण्याला नव्हे, त्या चेहऱ्याला.

"चल," नणंद म्हणाली. "उचल ती पिशवी. चल, चल!"

"ट्रे राहू द्या हो!" वहिनी पिशवी पाठीवर अडकवत म्हणाली.

"राहू द्या काय? एवढं केलंस ते?" तिने दोन्ही ट्रे एकावर एक छातीशी धरले आणि समोरच्या दगडावर उडी मारली. पायाखाली काय आहे ते तिला ट्रेमुळे दिसत नव्हतं. दगडावर हिरवं बुळबुळीत शेवाळ होतं. तिचा पाय सटकला आणि ती दोन दगडांच्या मधल्या खाचेत उभीच्या उभी खाली गेली. ट्रे आपटले, पाट्या पाण्यात पडल्या. खिशातला फोन कधी उडाला ते दोघींनाही कळलं नाही.

"काही नाही, काही नाही," नणंद म्हणाली, आणि पाय ओढून घ्यायला गेली. पाय आला नाही.

तिने पुन्हा ओढला. मग दोन्ही हातांनी मांडी धरून ओढला. वहिनीने तिच्या काखेत हात घालून जोर लावला. नणंद कळवळून ओरडली. डावा पाय घोट्याच्या वरपर्यंत खालच्या फटीत अडकला होता, बुटासकट. पाणी गुडघ्याशी होतं.

"वन्सं, आता काय करायचं?"

"फोन. तुझा फोन आण. पळ."

वहिनी घळीपाशी आली आणि तिचे पाय थांबले. थांबले म्हणजे तिने थांबवले नाहीत, ते आपले आपणच थांबले. समोर पाणी करडं, हलतं, तळ न दिसणारं. पलीकडे वाळू, पायरी, पायरीवर तिची पर्स, अगदी दिसण्याइतकी जवळ. पोटऱ्यांवरून काहीतरी कोमट ओघळलं, आणि ते समुद्राचं पाणी नाही हे तिला कळलं.

मागून नणंदेचा आवाज आला, "गेलीस का गं?"

त्या आवाजात हुकूम नव्हता. नणंद विचारत होती. असं काही विचारताना वहिनीने तिला कधी ऐकलं नव्हतं.

ती पाण्यात उतरली. गुडघे, मांड्या, कंबर. मधोमध पाण्याने तिला बाजूला ढकललं तेव्हा ती ओरडली, कोणाला हाक मारली ते तिलाही आठवत नाही, बहुधा आईला. मग पायाला वाळू लागली आणि ती चौपाया जनावरासारखी रांगत बाहेर आली.

मदतकेंद्राच्या फोनवरचा माणूस शांत होता. त्याने जागा विचारली, पाणी कुठवर आलंय ते विचारलं. "बोट निघाली आहे," तो म्हणाला. "तुम्ही किनाऱ्यावरच थांबा. पाण्यात परत जाऊ नका. ऐकताय ना?"

"किती वेळ लागेल?"

"शक्य तेवढ्या लवकर. तुम्हाला पोहता येतं का?"

"नाही."

"मग अजिबात जाऊ नका."

वहिनीला हे ऐकून बरं वाटलं. हे तिने पुढे कोणापासून लपवलं नाही. एका अधिकारी माणसाने तिला सांगितलं होतं की थांब, आणि तिच्या अंगातलं हाडन् हाड म्हणत होतं की ऐक त्याचं. ती पायरीवर बसली. किनाऱ्यावर कोणी दिसतंय का म्हणून दोन्ही बाजूंना पाहिलं, हाका मारल्या. वाऱ्याने हाका तिच्याच तोंडात परत घातल्या. बोटीचा पत्ता नव्हता. खडकांमध्ये नणंद आता कमरेपर्यंत दिसत होती. ती वाकून ओढत होती, थांबत होती, पुन्हा ओढत होती.

ओढतेय, हे वहिनीच्या डोक्यात कुठेतरी टोचलं. साच्यात अडकलेला शंख कोणी असा ओढत नाही. ओढला की तो आणखी घट्ट बसतो, नाहीतर तुटतो. पाय सरळ आत गेलेला नाही, फिरून गेलाय. टाच कशाच्या तरी खाली गेलीय. आधी खाली दाबायला हवा, मग फिरवायला हवा. आणि तो बूट! बूट काढायला हवा. हे इथून ओरडून सांगता येईल का? तिने ओरडून पाहिलं. नणंदेने कानामागे हात धरला आणि मान हलवली. ऐकू येत नव्हतं.

फोन पायरीवर ठेवून ती उठली. फोनमधला माणूस "हॅलो, हॅलो" म्हणत राहिला.

परत जाताना पाणी छातीशी लागलं. या वेळी ती ओरडली नाही, कारण तोंड उघडलं तर पाणी जाईल अशी तिला भीती होती. सगळा वेळ तिला वाटत होतं की आपण बुडणार आहोत. धीर बिर काही आला नव्हता. पलीकडच्या दगडावरचे ते टोकदार शिंपले तिने मुठीत धरले, तळवे कापले गेले, आणि ती वर आली.

नणंद तिला बघून आधी चिडली. "मूर्ख आहेस का? परत कशाला आलीस? तुला पोहता येतं का?" आणि लगेच तिचा हात असा धरला की सोडेना. तिचे ओठ निळे पडले होते. "वहिनी, दादाला सांग की माझ्या खोलीतलं..."

"गप्प बस!" वहिनी ओरडली. "काही सांगायचं नाहीये कोणाला. हात सोड माझा. मला खाली जायचंय."

आपण नणंदेला 'तू' म्हणालो हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

तिने पाठीवरची पिशवी फाडली. आतली माती अजून मऊ होती. एप्रनमधून सुरी काढली, श्वास घेतला, आणि जन्मात पहिल्यांदा डोकं पाण्याखाली घातलं.

डोळे उघडायची हिंमत नव्हतीच, आणि उघडून उपयोगही नव्हता. पण आंधळ्या हाताने आतून भांडं चाचपायची सवय तिच्या बोटांना होती. बुटाची नाडी लागली, ती कापली. वर आली, खोकली. पुन्हा खाली. बुटाचं कातडं सुरीने बाजूने उभं चिरलं. कुठेतरी नणंदेलाही लागलं असावं, कारण वरून एक गुदमरलेली किंकाळी आली. पुन्हा वर. एक लाट नणंदेच्या खांद्यावरून गेली. मातीचे गोळे पाण्यात कालवून तिने ती लिबलिबीत माती, पाय निसटावा म्हणून, घोट्याभोवती, टाचेमागे, जिथे बोट शिरेल तिथे कोंबली. माती वाहून जात होती, ती आणखी कोंबत होती.

"आता ओढू नकोस. ऐक. खाली दाब पाय."

"खाली? वेडी आहेस? आणखी अडकेल!"

"दाब म्हणते ना! बोटं खाली कर, अंगठ्यावर उभं राहिल्यासारखी. टाच आत वळव. माझ्या हाताकडे."

"दुखतंय गं..."

"दुखू दे!"

वहिनी पुन्हा खाली गेली. दोन्ही हातांत ती टाच धरली. पाय खाली सरकला, अगदी थोडा, आणि त्याच क्षणी तिला तो दगडाचा ओठ बोटांना लागला, ज्याच्या खाली टाच बसली होती. तिने टाच वळवली. पाण्याखाली तिला कट्ट असं काहीतरी जाणवलं, आणि दगड मोडला की हाड, हा विचार मनात येईपर्यंत पाय तिच्या हातातून वर निसटला होता.

आनंद करायला सवड नव्हती. खडक जवळजवळ सगळे बुडाले होते. घळ आता घळ राहिली नव्हती, तिथे समुद्रच होता.

"पाठीवर पड," नणंद धापा टाकत म्हणाली. "आभाळाकडे बघ. मी हनुवटीला धरते. काहीच करू नकोस, नुसती पडून राहा. तलावातली एवढी एवढी पोरं करतात."

वहिनी पाठीवर पडली. आभाळ दिसलं, करडं. कानांत पाणी गेलं आणि जग बंद झालं. नणंदेचा हात हनुवटीखाली होता, एका पायाने ती पाणी मारत होती. थोडं अंतर ठीक गेलं. मग एक लाट वहिनीच्या तोंडावर फुटली, आणि तिच्यातलं सगळं शहाणपण संपलं. ती उलटी फिरली आणि तिने नणंदेच्या गळ्याला मिठी मारली. दोघी खाली गेल्या.

त्या हिरव्या अंधारात काय झालं ते वहिनीला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. एक कोपर तिच्या छातीत जोरात बसलं. केस धरून कोणीतरी ओढलं. आपणच हिला मारतोय, हे तिला लख्ख कळत होतं आणि तरी तिचे हात सुटत नव्हते. हीच गोष्ट तिला नंतर सगळ्यात जास्त छळायची. मग तिच्या गुडघ्यांना काहीतरी घासलं. वाळू होती.

बोट आली तेव्हा दोघी कडेला पालथ्या पडून ओकत होत्या. बोटीतल्या दाढीवाल्या माणसाने दोघींना चादरी गुंडाळल्या आणि वहिनीला विचारलं, "फोनवर तुम्हीच होतात ना? थांबायला सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"हो," वहिनी म्हणाली.

"मग?"

तिच्याऐवजी नणंदच म्हणाली, "तिला लहानपणापासून ऐकायची सवय नाहीये," आणि रडायला लागली.

घोट्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. नवरा विजेच्या कंपनीतली पाळी अर्धी टाकून रुग्णालयात धावत आला. वहिनीला वाटलं तो चिडेल. त्याने एकदा बहिणीकडे बघितलं, एकदा बायकोच्या फडक्यात गुंडाळलेल्या तळव्यांकडे, आणि खुर्ची असताना तो जमिनीवरच बसला.

"दादा, ऊठ रे, लोक बघतायत," नणंद म्हणाली. "आणि हिला सांग, तुझ्या साच्यांसाठी असतं तेच प्लास्टर चढवलंय मला. आता साचा काढून झाला की पाय परत दे म्हणावं."

ठसे सगळे समुद्रात गेले होते. वास्तुकार बाईंनी काम रद्द करायची तयारी दाखवली, पण वहिनीने नको म्हटलं. तळवे बरे झाल्यावर ती मातीपुढे बसली. चित्रं समोर ठेवली नाहीत. बोटांनी पाण्याखाली जे चाचपलं होतं ते तिला विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नव्हतं. ती खाच, तो ओठ, शिंपल्यांची धार. तेच ती करत गेली. काही तुकडे करताना तिला दरदरून घाम फुटायचा आणि ती उठून अंगणात जायची, मग परत यायची. भिंत लागली तेव्हा धार तेवढी तिने घासून काढली होती, पोरांच्या हाताला लागू नये म्हणून. बाई बराच वेळ भिंतीवर हात फिरवत राहिल्या.

नणंदेचं प्लास्टर निघालं, काठी सुटली, किंचित लंगडणं राहिलं. तलावावर तिला बोलावणं आलं. ती गेली, आणि अर्ध्या तासात परत आली. पाय दुखतोय म्हणाली. दुसऱ्या दिवशी डोकं दुखत होतं. मग तिने जायचंच सोडलं. भाऊ म्हणाला, "होईल हळूहळू. तू कशाला घाबरतेस? तू तर मासा!" त्यावर ती मोठ्याने हसली आणि जेवण अर्धं टाकून वर गेली.

एका दुपारी वहिनी कपडे वाळत घालायला गच्चीवर चालली होती, तेव्हा वरच्या न्हाणीघराच्या दाराबाहेर तिला नणंद उभी दिसली. अंगावर जाकीट, खांद्यावर टॉवेल, केस बऱ्याच दिवसांचे चिकट. आत बादलीत नळ वाहत होता.

"काय झालं, वन्सं?"

"काही नाही." मग भिंतीकडे बघत, "डोक्यावर पाणी घेतलं की श्वासच बंद होतो गं. बादलीतलं पाणी! हसशील तू."

वहिनी हसली नाही. 'घाबरू नका' असंही म्हणाली नाही. ते तिला आयुष्यभर लोक म्हणत आले होते आणि त्याचा कधी काडीचाही उपयोग झाला नव्हता. तिने ओल्या कपड्यांची बादली खाली ठेवली आणि दाराशी, पायरीवर बसली.

"दार लोटून घ्या, कडी लावू नका. डोकं आज धुवायचं नाही. नुसते पाय. मी इथे आहे."

"किती वेळ बसशील?"

"मला कुठे जायचंय?"

नणंद आत गेली. दार लोटलं. मग नळ बंद झाला, आणि तांब्यातून पाणी ओतल्याचा आवाज आला, थोडासा. लगेच आतून घाईघाईने हाक आली, "आहेस ना गं?"

"आहे."

"मग बोलत राहा काहीतरी."

वहिनी बोलायला लागली. भट्टीची तार जळालीय, तुमच्या भावाने ती दुरुस्त करतो म्हणून आठवडाभर नुसती टेबलावर ठेवलीय, शेजारणीने फुलदाणी म्हणून घेतलेल्या शंखात झाडू उभा करून ठेवलाय, असलं काहीबाही. आत पुन्हा पाणी पडलं. वहिनीच्या अंगावर त्या आवाजानेही काटा आला, तरी ती बसून राहिली, बोलत राहिली.